जुन्या दमेकरी रुग्णाचा श्वास झोपेत अडत असेल, तर उपचार कसा करावा

विदर्भातील खेड्यांत छातीचा जुनाट आजार ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चुलीत पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या जाळून आयुष्य काढलेल्या बायका, विडी ओढणारे शेतकरी आणि मजूर, जिनिंगच्या कापसाच्या धुळीत किंवा राइस मिलमध्ये वर्षानुवर्षे राबलेले कामगार, आणि क्षयरोग बरा होऊनही ज्यांच्या फुप्फुसांवर व्रण राहिले असे रुग्ण, या सर्वांना गावात सरसकट दमेकरी म्हटले जाते. यांतील पुष्कळांचा आजार प्रत्यक्षात सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार असतो. अशा रुग्णाला त्याच्या जोडीने स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा विकार असेल, तर दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात. एडिनबरोचे डॉक्टर डेव्हिड फ्लेनली यांनी १९८५ मध्ये या जोडीला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ असे नाव दिले.

हे लेखन अशा रुग्णाच्या घरच्या माणसांसाठी आहे, कारण झोपेतला आजार रुग्णाला स्वतःला दिसत नाही आणि त्याचा उपचारही घरच्यांच्या मदतीवाचून टिकत नाही. दमेकरी माणसाला रात्री त्रास होतो म्हणून परस्पर ऑक्सिजनचे यंत्र आणले जाते, झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी दिली जाते आणि मोठ्याने घोरतो म्हणून त्याची झोप गाढ मानली जाते. या तिन्ही समजुतींमुळे रुग्णाचे नुकसान होऊ शकते. योग्य क्रम असा आहे की आधी तपासणी करावी, मग गरजेप्रमाणे हवेच्या दाबाचे यंत्र लावावे, आणि त्यानंतरही ऑक्सिजन कमी पडत असेल तरच तो जोडावा.

झोपेत काय बिघडते

जागेपणी सीओपीडीचा रुग्ण मान, खांदे आणि बरगड्यांमधील स्नायू वापरून श्वास ओढत असतो. त्याचे फुप्फुस हवेने फुगलेले असल्याने श्वासपटल चपटे झालेले असते आणि त्याची ताकद कमी पडते. ती उणीव हे बाकीचे स्नायू भरून काढतात. स्वप्ने पडतात त्या झोपेच्या टप्प्यात मात्र शरीर या मदतनीस स्नायूंना सैल सोडते आणि सगळा भार त्या थकलेल्या श्वासपटलावर येतो. म्हणून घसा पूर्ण मोकळा असलेल्या सीओपीडी रुग्णाचाही ऑक्सिजन झोपेत खाली उतरू शकतो.

स्लीप अ‍ॅप्नियात याहून वेगळी गोष्ट घडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि विहिरीवरच्या मोटारीचा मऊ पाइप ओढ बसताच चपटा व्हावा तसा घसा आतल्या ओढीने मिटतो. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. निदान १० सेकंदांचा असा खंड म्हणजे एक अ‍ॅप्निया. मग मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घशातून मोठा आवाज होऊन श्वास सुटतो, आणि काही वेळाने हेच पुन्हा घडते. निरोगी फुप्फुसाच्या माणसात दोन खंडांच्या मध्ये ऑक्सिजन पूर्ववत होतो. सीओपीडीच्या रुग्णात तो मुळातच कमी असतो आणि भरून येण्याआधीच पुढचा खंड येतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो रात्रभर रक्तात साठत जातो. सकाळचे डोके दुखणे, पायांवरची सूज आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर पडणारा ताण यांचे मूळ बरेचदा इथे असते.

उपचार केल्याने फरक पडतो का, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर स्पेनमधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. दोन्ही आजार असून सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देणारे यंत्र, न वापरणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे आणि दम उसळून दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण केवळ सीओपीडी असलेल्यांपेक्षा जास्त आढळले. सीपॅप वापरणाऱ्यांत ते केवळ सीओपीडी असलेल्यांच्या जवळपास होते. रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, त्यामुळे यंत्र नेटाने वापरणारा माणूस इतर बाबतींतही काळजी घेणारा असू शकतो, ही शंका शिल्लक राहते. तरीही नऊ वर्षांहून अधिक काळच्या पाठपुराव्यातून निघालेला हा निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

संशय कधी घ्यावा

मोठ्याने घोरणे, मध्येच आवाज पूर्ण थांबणे आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा घोरणे सुरू होणे, ही सर्वांत स्पष्ट खूण आहे. पण खेड्यातील राहणीत ती पाहणारे कोणी असेलच असे नाही. उन्हाळ्यात पुरुष अंगणात बाजेवर किंवा गच्चीवर झोपतात आणि बायका घरात. रब्बीच्या दिवसांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी जागलीला वावरात असतो. कृषिपंपाला रात्रपाळीची वीज असली की ओलितासाठी मध्यरात्री उठावे लागते. अशा माणसाला दिवसा डुलक्या येत असतील, तर त्याचे जागरण हेच कारण मानले जाते आणि आजार झाकला जातो. म्हणून जागल आणि ओलीत नसलेल्या आठवड्यात, सलग दोन-तीन रात्री पुरेशी झोप मिळूनही दिवसा पेंग येते का, हे पाहावे. बोलता बोलता, पारावर बसल्या बसल्या किंवा एसटीत चढताच डोळा लागत असेल, तर ती शंका घेण्याजोगी गोष्ट आहे. मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवणाऱ्याच्या बाबतीत तर निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत ही कामे दुसऱ्याकडे सोपवावीत.

बायकांच्या बाबतीत निदान अधिक वेळा हुकते. आपण घोरतो हे सांगायला त्यांना संकोच वाटतो, आणि विचारणाराही सहसा विचारत नाही. त्यांची तक्रार बहुधा वेगळ्या शब्दांत येते: रात्री झोप मोडते, सकाळी डोके जड असते, अंगात जीव नाही, काही सुचत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण वाढते. चुलीजवळ आयुष्य गेलेली, दम लागणारी आणि सकाळी डोके दुखणारी पन्नाशीपुढची बाई असेल, तर तिच्या शेजारी झोपणाऱ्या सुनेला किंवा नातीला विचारावे. सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे मोबाइलवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे चित्रण, ज्यात छाती-पोट हलताना दिसेल आणि आवाज ऐकू येईल. रुग्णाला आधी सांगून, मंद उजेडात ते घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

लठ्ठपणा आणि जाड मान यांमुळे धोका वाढतो हे खरे. मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक असणे, उच्च रक्तदाब, पन्नाशीपुढचे वय, पुरुष असणे, हे सगळे ‘स्टॉप-बँग’ नावाच्या आठ प्रश्नांच्या चाळणीत मोजले जाते. तीन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली तर पुढील तपासणी करावी असे मानतात. मात्र माणूस किडकिडीत आहे म्हणून त्याला हा आजार नसणारच, असे समजू नये. जबड्याची ठेवण लहान किंवा मागे गेलेली असली, नाक कायम चोंदलेले असले, तर बारीक माणसाचाही घसा झोपेत मिटतो.

आणखी दोन खुणा साध्या रक्ततपासणीत सापडतात. ज्या भागात रक्त कमी असणे हीच नेहमीची तक्रार आहे, तिथे एखाद्या दमेकरी माणसाचे हिमोग्लोबिन १७ किंवा १८ आले, तर ते चांगल्या प्रकृतीचे लक्षण मानून सोडून देऊ नये. रात्रीच्या ऑक्सिजनच्या तुटवड्यावर शरीराने काढलेला तो तोडगा असू शकतो. तसेच रक्तातील बायकार्बोनेट २७ किंवा त्याहून अधिक असेल, तर कार्बन डायऑक्साइड दीर्घकाळ साठत असल्याचा संशय घ्यावा. सिकलसेलचे रुग्ण विदर्भात पुष्कळ आहेत. ऑक्सिजन उतरला की त्यांच्या रक्तपेशी विळ्याच्या आकारात वळतात, म्हणून अशा रुग्णाच्या रात्रीच्या श्वासाकडे विशेष लक्ष द्यावे आणि सिकलसेलची नोंद डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

तपासण्या आणि त्यांचा क्रम

पहिली तपासणी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असेल, तर सीओपीडीचे निदान पक्के होते. वर्षानुवर्षे दम्याच्या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांनी ही नळी एकदाही फुंकलेली नसते. त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

दुसरी तपासणी मनगटाच्या धमनीतील रक्ताची, जिला एबीजी म्हणतात. सुई थोडी दुखते, पण पुढचा सगळा उपचार तिच्यावर ठरतो, म्हणून ती टाळू नये. जागेपणी कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटर पाऱ्याहून अधिक आहे का, हे तिच्यातून कळते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतो; त्यावर ९२ दिसत असताना कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीवर असू शकतो. शिवाय सावळ्या त्वचेवर हे उपकरण कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवते, आणि बोट थंड असले किंवा नखाला रंग लावलेला असला तरी फसवते.

तिसरी तपासणी झोपेची. रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, छाती-पोटाची हालचाल, हृदय आणि ऑक्सिजन यांची एकत्र नोंद करणारी पूर्ण तपासणी रुग्णालयातील स्लीप लॅबमध्ये होते. घरी लावायची छोटी यंत्रेही मिळतात, परंतु ज्याचे फुप्फुस मुळातच अधू आहे त्याची तपासणी लॅबमध्ये करणे अधिक विश्वासार्ह असते, कारण त्याचा ऑक्सिजन घसा मिटल्याने उतरला की फुप्फुसामुळे, हे छोट्या यंत्रातून नीट वेगळे करता येत नाही. तासाला ५ ते १५ खंड म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र आजार. ही तपासणी प्रकृती स्थिर असताना करावी. दम उसळून भरती झालेल्या रुग्णाची नुकतीच सुटी झाली असेल, तर काही आठवडे जाऊ द्यावेत. भरती असतानाच कार्बन डायऑक्साइड चढून बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे यंत्र) लावावे लागले असेल, तर घरी गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी एबीजी पुन्हा करून घ्यावी.

नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, नागपूरचे एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जवळचे ठिकाण गाठावे. मात्र निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तिथे झोपेची तपासणी सध्या होते का आणि तारीख कधीची मिळेल, हे विचारून घ्यावे. शंभर किलोमीटर जाऊन केवळ तारीख घेऊन परतण्यात आधीच दमलेल्या माणसाचे हाल होतात. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना व सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो, त्यासाठी आधारकार्ड जवळ ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून यंत्र खरेदी करण्याआधीच विचारावे.

यंत्राआधी करायच्या गोष्टी

फुप्फुसाचा उपचार नीट नसेल, तर घशाचा उपचारही अर्धवट राहतो. इनहेलर रोज, ठरलेल्या वेळी आणि योग्य पद्धतीने घ्यावा. स्प्रेचा इनहेलर असेल तर त्याला स्पेसर, म्हणजे औषध साठवून धरणारी पोकळ नळी, लावावा आणि स्टेरॉइड असलेले औषध घेतल्यावर चूळ भरावी. इनहेलरची सवय लागते, हा गावोगावचा गैरसमज आहे. उलट, दम वाढला की स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेत राहण्याने वजन वाढते, अंगावर पाणी चढते आणि घसा आणखी अरुंद होतो. थिओफिलिन गटातील गोळ्या झोप मोडतात. त्या चालू असतील तर त्यांची वेळ आणि गरज डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

झोपेच्या आणि अस्वस्थता कमी करण्याच्या गोळ्या या रुग्णाने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे आणि अफूवर्गीय वेदनाशामके श्वासाची प्रेरणा मंद करतात. त्यांतील काही घसाही सैल पाडतात. वर्षानुवर्षे घेतलेली गोळी मात्र एकदम तोडू नये, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. दारूचाही परिणाम असाच होतो. मोहाची असो वा दुकानातली, संध्याकाळची दारू त्या रात्रीचे खंड वाढवते.

विडी बंद करणे आणि घरातील धूर कमी करणे यांना पर्याय नाही. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात असूनही तो भरून आणणे परवडत नाही म्हणून चूल पेटत राहते, ही वस्तुस्थिती आहे. निदान रुग्णाच्या झोपण्याच्या जागेपासून चूल वेगळी करावी, पाणी तापवण्याचे काम अंगणात करावे, आणि डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर किंवा कॉइल न लावता मच्छरदाणी वापरावी. वजन जास्त असेल तर ते कमी करावे. पण सीओपीडीमुळे खंगलेल्या रुग्णाने उपासतापास करू नयेत, कारण त्यात श्वासाचे स्नायूच झडतात.

उताणे झोपल्यावर घसा अधिक मिटतो, म्हणून कुशीवर झोपण्याची सवय लावावी. ढिली झालेली बाज मध्ये खोलगट होते आणि त्यात मान पुढे दुमडते. तिची सुंभ किंवा नवार ताणून घ्यावी आणि उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून डोक्याची बाजू उंच करावी. दोन-तीन उशा रचून केवळ डोके उचलू नये, त्याने मान वाकते. सौम्य आजारात एवढ्यानेही बराच फरक पडतो, पण मध्यम किंवा तीव्र आजारात हे उपाय यंत्राची जागा घेत नाहीत.

सीपॅप की बायपॅप

सीपॅप हे यंत्र मास्कमधून एकसारख्या दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवते. हा दाब सहसा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका ठेवता येतो. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते, त्यामुळे घसा उघडा राहतोच, शिवाय थकलेल्या स्नायूंना हातभार लागून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ढोबळ नियम असा की जागेपणी कार्बन डायऑक्साइड सामान्य असेल तर सीपॅपने सुरुवात करावी, आणि तो ४५ च्या पुढे असेल तर बायपॅपचा विचार व्हावा. अंतिम निर्णय अर्थातच छातीच्या डॉक्टरांचा. या ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे: एबीजी न करता, केवळ दुकानदाराच्या किंवा नातेवाइकाच्या सांगण्यावरून यापैकी कोणतेही यंत्र विकत घेऊ नये.

स्वतः दाब ठरवणारी ऑटो यंत्रेही मिळतात. बाकी प्रकृती निरोगी असलेल्या माणसाला ती सोयीची असतात. सीओपीडी गंभीर असेल, तर दाब लॅबमध्ये रात्रभर पाहून ठरवलेला बरा. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील किंवा पूर्वी फुप्फुस फाटून छातीत हवा साठलेली असेल, तर हे आधीच सांगावे, कारण अशा वेळी दाबाबाबत फार जपावे लागते.

यंत्रावर हजारो रुपये खर्च होतात, म्हणून आधी भाड्याने घेऊन दोन-चार आठवडे वापरून पाहणे शहाणपणाचे. जुने यंत्र घेताना मॉडेल नीट पाहावे. फिलिप्स कंपनीने आतील फोम झिजण्याच्या कारणावरून जून २०२१ मध्ये आपली अनेक यंत्रे जगभरातून परत मागवली होती. त्यांपैकी दुरुस्त न झालेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

मास्क बसला नाही तर उत्तम यंत्रही कपाटात पडते. नाकाने श्वास घेणाऱ्याला नाकाचा मास्क हलका पडतो. तोंड उघडे राहणाऱ्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा लागतो. जाड मिशांतून हवा गळते, दातांची कवळी काढल्यावर गाल बसून मास्क ढिला होतो, म्हणून झोपताना जशी स्थिती असते तशाच स्थितीत आडवे होऊन मास्क बसवून पाहावा. खर्र्यामुळे ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, त्यांनी हे डॉक्टरांना सांगावे; उलटी झाल्यास झटपट मास्क काढता येणे त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. मास्कवरील बारीक छिद्रे श्वासातील वायू बाहेर जाण्यासाठी असतात. हवा गळते असे समजून ती चिकटपट्टीने बुजवू नयेत.

खेड्यातील घरात यंत्र चालवताना

पहिल्या आठवड्यात रात्री एकदम यंत्र लावण्याचा आग्रह धरू नये. दुपारी बसल्या बसल्या, गप्पा मारत किंवा टीव्ही पाहत अर्धा तास मास्क लावण्याची सवय करावी, मग दुपारच्या झोपेत, आणि मग रात्री. निदान चार तास, आणि बहुतेक रात्री, हे किमान उद्दिष्ट आहे. खरे तर झोप जितकी तितका वेळ यंत्र असावे, कारण पहाटेच्या झोपेत खंड जास्त येतात.

वीज जाणे ही आपल्याकडची मोठी अडचण. पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बरीच यंत्रे इतकी कमी वीज घेतात की चांगल्या स्थितीतील घरगुती इन्व्हर्टरवर रात्र निघते. त्यावर पंखे-कूलर किती चालतात हे मात्र आधी पाहावे. ट्रॅक्टरच्या बॅटरीला थेट तार जोडण्याचे धाडस करू नये, त्यासाठी त्याच यंत्राचा कनव्हर्टर मिळतो. वीज गेली आणि यंत्र थांबले तर मास्क काढून टाकावा, हे रुग्णाला आणि घरच्या एकाला पक्के ठाऊक असावे. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा.

बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेली असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे टिनाच्या छपराखालची खोली रात्रीही त्याहून तापलेली असते. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा कपड्याखाली झाकून ठेवू नये; स्टुलावर, कूलरच्या वाऱ्यात पण पाण्याचे थेंब उडणार नाहीत अशा अंतरावर ठेवावे. अंगणात झोपायचे असेल तर तारेची लांबी, दव आणि कुत्री-मांजरे यांचा विचार करून जागा ठरवावी. माझ्या मते पडवी हा मधला मार्ग चांगला. कूलरची हवा दमट असते तेव्हा ह्युमिडिफायरची गरज बहुधा पडत नाही. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. तेव्हा नळी गोधडीखालून घ्यावी. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, आणि भांड्यात पांढरा थर धरतो. उरलेले पाणी सकाळी ओतून द्यावे.

मास्क रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवावा. उन्हात त्याचे रबर लवकर कडक होते. फिल्टर साधारण दर आठवड्याला पाहावा, आणि कापूस वेचणीच्या व जिनिंगच्या हंगामात, किंवा तूर-हरभरा काढणीच्या दिवसांत, अधिक वेळा. नळी दिवसा खिळ्याला उंच टांगावी, उंदीर ती कुरतडतात. मच्छरदाणीत नळी खालच्या बाजूने घ्यावी म्हणजे जाळी उचलली जात नाही.

नाक कोरडे पडणे, पोटात हवा भरणे, नाकाच्या हाडावर वळ उठणे या तक्रारी पहिल्या महिन्यात सर्रास असतात आणि बहुतेकांवर उपाय असतो. मास्कचा पट्टा आवळत जाणे हा मात्र उपाय नाही. वळ आल्यास मास्कचा आकार बदलून पाहावा.

ऑक्सिजनचे स्थान

केवळ ऑक्सिजन दिल्याने मिटलेला घसा उघडत नाही. उलट, ऑक्सिजन उतरल्याची मेंदूला मिळणारी सूचना दबते, खंड लांबतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. सकाळी रुग्ण गुंगीत आणि डोकेदुखीने उठतो. म्हणून ज्याला दोन्ही आजार आहेत त्याला रात्री एकट्या ऑक्सिजनवर ठेवणे हा अपुरा आणि काही वेळा घातक उपचार आहे.

ऑक्सिजन लागतच नाही असे नाही. जागेपणी, विश्रांतीत, स्थिर प्रकृतीत ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली असेल, तर दिवसातून निदान १५ तास ऑक्सिजन घेण्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. यंत्राचा दाब योग्य असूनही रात्री ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली राहत असेल, तर तो यंत्राच्या नळीत जोडतात. जोडताना क्रम पाळावा: आधी दाबाचे यंत्र सुरू करावे आणि मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन आणि मग यंत्र. अन्यथा थांबलेल्या यंत्रात ऑक्सिजन साठून आगीचा धोका उद्भवतो. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र, चालू असलेल्या खोलीत विडी, उदबत्ती, दिवा, चूल यांपैकी काहीही पेटते नसावे. प्रवाह किती लिटरचा हे डॉक्टरांनी लिहून दिलेले असते. दम लागला म्हणून तो घरीच वाढवू नये.

पाठपुरावा आणि तातडीची वेळ

यंत्र सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत, मग महिन्याने आणि तीन महिन्यांनी दाखवावे, आणि त्या वेळी यंत्रातील मेमरी कार्ड किंवा यंत्रच सोबत न्यावे. किती तास वापर झाला, किती हवा गळली आणि किती खंड उरले हे त्यात नोंदलेले असते. बायपॅपवर असलेल्या रुग्णाची एबीजी पुन्हा करावी लागते. वजनात मोठा फरक पडला, कफ वाढला किंवा पायावर सूज आली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसींबद्दलही याच भेटीत विचारावे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी मोतीबिंदूची असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराची कल्पना द्यावी आणि यंत्र रुग्णालयात न्यावे.

रुग्ण जागा न होणे, असंबद्ध बोलणे, हात थरथरणे, ओठ निळे पडणे किंवा एक वाक्यही पूर्ण बोलता न येणे, यांपैकी काही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आजाराचे नाव, यंत्राचा दाब, चालू औषधे आणि शेवटच्या एबीजीचे आकडे लिहिलेला एक कागद यंत्राच्या पिशवीतच ठेवलेला असावा. त्यावर ठळक अक्षरांत हेही लिहून घ्यावे की या रुग्णाचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा आहे, आणि रुग्णवाहिकेत चढताच तो कागद तेथील डॉक्टरांच्या हाती द्यावा.